मिटायचा डोळा

खोटे डोळे करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'डोळस' म्हणायची. हे नाव त्याला घड्याळजीने दिलं होतं, आणि घड्याळजीने एकदा कुणाला नाव ठेवलं की आईबापांनी दिलेलं नाव फक्त विजेच्या बिलावर उरायचं.

डोळसाचं काम मोठं विचित्र. आजारात नाहीतर अपघातात कुणाचा डोळा गेला, की डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या माणसाला समोरच्या जिन्याने वर पाठवत. वर एक खोली, खोलीला मोठी खिडकी, खिडकीशी एक उंच पाठीची खुर्ची. तिथे डोळस रिकाम्या खोबणीचं माप घेई, मेणाचा नमुना आत बसवून बघे, आणि मग माणसाच्या उरलेल्या डोळ्यात बघत बघत त्याचा जोडीदार रंगवी. लोक त्याला काचेचा डोळा म्हणत, पण असायचा तो कडक प्लॅस्टिकचा. नखाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं, लाल रेशमाचा दोरा सोडवून त्याच्या तंतूंनी शिरा काढायच्या, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पांढरा रंग जमवायचा. कारण पांढरा पांढरा नसतोच. कुणाचा दुधावर जातो, कुणाचा राखेवर, विडी ओढणाऱ्याचा तर विचारूच नका. डोळसाचा एक नियम होता. फोटोवरून रंगवायचं नाही, आठवणीतून तर नाहीच नाही. जिवंत डोळा समोर हवा आणि दिवसाचा उजेड हवा. डोळा जसा आहे तसा करायचा, असायला हवा होता तसा करायचा नाही.

अशा माणसाच्या जिवलग मित्राला एकच डोळा असावा, आणि त्या मित्राने दुसरा करून घ्यायला साफ नकार द्यावा, याला काय म्हणायचं?

घड्याळजी आणि डोळस शाळेच्या एका बाकावरचे. पुढे एकाने घड्याळं दुरुस्त केली, दुसऱ्याने डोळे केले, आणि रोज संध्याकाळी दुकानं आवरताना दोघे घड्याळजीच्या टेबलाशी बसून भांडले. कशावरून भांडायचं हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. घड्याळजीचा डावा डोळा मागे कधीतरी आत गाठ झाली म्हणून काढावा लागला होता. तेव्हापासून तो काळा चष्मा लावायचा, आणि डोळसाने विषय काढला की म्हणायचा, "घड्याळजीला दुसरा डोळा हवा कशाला? एकात भिंग घालायचं आणि दुसरा मिटून घ्यायचा, हाच तर आमचा धंदा. माझा कायमचा मिटून मिळालाय. तेवढीच मेहनत वाचली."

"अरे, फुकट करून देतो."

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ऐकलं होतं. इथे मी काहीच मागत नाही आणि देव स्टूल ओढून समोर बसलाय."

डोळस हसायचा, पण मनातून खट्टू व्हायचा. परक्यांना डोळे दिले, ओळखीच्यांना दिले, एकदा एका मांजरालासुद्धा दिला. ज्याला द्यावासा वाटतो तो घेत नाही.

म्हणून एका सकाळी घड्याळजी धापा टाकत जिना चढून आला, खुर्चीत बसला, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि "कर" म्हणाला, तेव्हा डोळसाला आधी कळलंच नाही.

"काय करू?"

"डोळा. तू चपला शिवतोस का?"

डोळसाला आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या लग्नात एवढे खूश नव्हतात." त्याने ठरवलं, हा डोळा आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डोळा व्हायला हवा. पैशाचा नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा नाही. स्वतःच्या हाताने केलेली भेट. घड्याळजी बाजारातून चालला असता त्याच्या सख्ख्या भावालाही खरा कोणता नि खोटा कोणता हे ओळखता येऊ नये.

माप झालं, मेणाचा नमुना झाला. नमुना बसवला तेव्हा घड्याळजीने एक वेडेपणा केला. खुर्चीतून उठून तो भिंतीकडेच्या बाकावर उताणा पडला आणि त्याने डोळे मिटले.

"मिटतोय का बघ."

"मिटतोय."

"दोन्ही सारखे? आडवं पडल्यावर पापणी वर नाही ना राहत?"

"अरे, झोपेत कोण बघणार आहे तुला? वहिनींना सवय आहे तुझ्या तोंडाची."

"बघ म्हटलं ना, नीट बघ."

डोळसाने वाकून पाहिलं, मेण थोडं खरवडलं, पुन्हा बसवलं. पापण्या अगदी सारख्या टेकल्या. घड्याळजी बराच वेळ तसाच पडून राहिला. डोळसाला वाटलं, जिना चढून दमला असेल. साठी उलटली की जिने वाढतातच.

मग रंगाचं काम सुरू झालं आणि तिथे सगळं घोडं अडलं.

बुबुळ झकास जमलं. तपकिरी, खाली एका बाजूला फिकट ठिपका, घड्याळजीचा तो ठिपका डोळसाला शाळेपासून माहीत. पण पांढरा जमेना. पहिल्या बैठकीत मिसळलेला रंग पुढच्या बैठकीत डोळ्याशेजारी धरला, तर चांगला डोळा जरा पिवळसर दिसला. डोळसाने थोडा पिवळा मिसळला. त्यापुढच्या वेळी बघतो तर तेही कमीच. पुन्हा मिसळला. पुन्हा कमी. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. रंगाचा डबा खराब निघाला म्हणून त्याने दुकानदाराशी भांडण काढलं आणि डबा त्याच्या टेबलावर आपटून आला. नवा डबा आणला, तर तोही तसाच. मग त्याला वाटलं, काच मळली असेल. खिडकी धुतली. मग वाटलं, समोरच्या घराला नवा रंग दिलाय, त्याची झाक आत येते. घड्याळजीला सकाळी बोलावलं, दुपारी बोलावलं. घड्याळजी येई, चष्मा काढी, निमूटपणे बसे आणि काम झालं की पुन्हा चष्मा चढवून, कठडा धरून जिना उतरे. भांडत नसे. हेसुद्धा डोळसाच्या लक्षात आलं नाही. भिंगातून तो डोळ्यात एवढा शिरला होता की डोळ्याभोवतीचा माणूस त्याला दिसतच नव्हता. चार हात लांबून पाहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

शेवटी दोष द्यायला एकच उरला, तो स्वतः. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. डोळसाने आरशात जीभ काढून पाहिली, नखं पाहिली, आणि समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन म्हणाला, "मला कावीळ झाली असणार. मला मित्राचा डोळा पिवळा दिसतोय."

डॉक्टर घाईत होते. ते हसले. "अहो, ती नुसती म्हण आहे. तुमच्या समाधानासाठी रक्त बघू." रक्त पाहिलं. डोळस ठणठणीत निघाला.

तो उड्या मारायचाच बाकी होता. तडक घड्याळजीच्या दुकानात गेला. घड्याळजी टेबलाशी बसला होता. शेजारी वहिनी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून घड्याळजीने चष्मा काढून ठेवला होता. डोळस उंबऱ्यातूनच ओरडला, "मला कावीळ नाही!"

वहिनींनी हातातला कप टेबलावर ठेवला.

घड्याळजी हसला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. "अरे लेका," तो म्हणाला, "पिवळं तर दिसतंय, आणि तुला कावीळ नाही. मग आपल्या दोघांत उरलं कोण?"

डोळस उंबऱ्यातच थांबला. हातात भिंग नव्हतं. तो चार हात लांब होता. समोर त्याचा मित्र बसला होता, पिकल्या पानासारखा पिवळा. गळ्याशी सदऱ्याची पट्टी सैल पडलेली, चिमटा धरलेली बोटं पिवळी, तळवा पिवळा. माणूस हादरला की त्याचे डोळे पांढरे होतात म्हणतात. इतके दिवस जो पांढरा रंग सापडत नव्हता, तो डोळसाला आत्ता सापडला, आणि तो स्वतःच्या तोंडावर.

"त्या डब्याला बिचाऱ्याला काय दोष देत होतात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. रडून संपलं होतं बहुतेक. "मी रोज ह्यांना सांगत होते, त्यांना सांगून टाका, ते उगाच जिवाचं रान करताहेत. ऐकतील तर ते हे कसले?"

मग घड्याळजीनेच सांगितलं, घड्याळात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं. डोळ्यातली ती गाठ डोळ्याबरोबर गेली नव्हती. एवढी वर्षं कुठेतरी दडून बसली होती, ती आता यकृतात निघाली. डॉक्टरांनी हात टेकले होते. घड्याळाला किल्ली द्यायची सोय राहिली नव्हती.

डोळसाला आधी राग आला. दुःखापेक्षा राग लवकर येतो. "मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या डोळ्यात डोळा घालून बसत होतो रोज! मूर्ख बनवलंस मला!"

"सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता. मला डोळा हवा होता, हळहळ नको होती."

"आता कशाला हवाय डोळा? इतकी वर्षं पाया पडत होतो तेव्हा नको होता."

घड्याळजीने चिमटा खाली ठेवला. "बघायला नकोय. मिरवायलाही नकोय. मला तो मिटायला हवाय."

डोळसाला कळेना.

"आई," घड्याळजी म्हणाला.

घड्याळजीची आई धाकट्या भावाकडे राहायची, दुसऱ्या गावी. नव्वदीला टेकलेली, नजर जवळजवळ गेलेली. पोराचं बोट कापलं तरी जेवणावरून उठणारी बाई. तिला मोठ्याचा डोळा गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. उजेड सोसत नाही म्हणून चष्मा लावतो, एवढंच तिला ठाऊक. ती यायची तेव्हा घड्याळजी चष्मा काढायचा नाही.

"पण त्या दिवशी चष्मा काढतील," घड्याळजी म्हणाला. "तिला आणतील. ती बघणार कशाने? हाताने. तिची रीतच आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवणार. आणि डाव्या बाजूला तिचं बोट खड्ड्यात जाणार. माझं मरण ती सोसेल रे, सोसावंच लागेल. ते बोट खड्ड्यात गेलेलं सोसणार नाही. तिच्या हाताला दोन डोळे लागायला हवेत, मिटलेले. एवढंच काम आहे."

वहिनी आत निघून गेल्या. डोळसाने कामाचं विचारलं. "मग रंग? रंग कुठला देऊ?"

"मिटलेल्या डोळ्याचा रंग बघतो कोण, गाढवा?"

डोळस घरी परतला तो मान खाली घालून. आयुष्यातला सगळ्यात चांगला डोळा करायचा होता त्याला. तो होणारही होता, पण पापणीच्या आत. तो ठिपका, त्या शिरा, काही काही कुणाला दिसणार नव्हतं. कोरा गोळा दिला असता तरी चाललं असतं. बायकोने जेवायला बोलावलं, तो उठला नाही. त्याला वाटलं, आपण जन्मभर केलं ते एवढंच का? खड्डे बुजवले?

दुसऱ्या दिवशी उजेड झाल्यावर तो खिडकीशी बसला आणि त्याने आपला नियम मोडला. समोरच्या खुर्चीत कुणी नसताना, आठवणीतून, त्याने घड्याळजीचा बरा असतानाचा डोळा रंगवला. पांढरा, किंचित दुधावर जाणारा. डोळा जसा होता तसा नव्हे, असायला हवा होता तसा. याने कुणाचंच भलं होणार नव्हतं. तरी त्याने रेशमाचा एकेक तंतू जीव ओतून बसवला, कारण दुसरं काही द्यायला त्याच्याजवळ नव्हतं.

डोळा घेऊन तो गेला तेव्हा घड्याळजीने दुकान बंद केलं होतं. दुकानामागच्या खोलीत तो पलंगावर पडून होता. डोळसाने स्वतः तो बसवला. घड्याळजीने आरसा मागितला. वहिनी नको नको म्हणत असताना त्याने तो हातातून ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिलं. एक डोळा हळदीचा, एक दुधाचा. शेजारी शेजारी ठेवल्यावर किती पाणी वाहून गेलंय ते कुणी सांगायची गरज नव्हती. डोळसाला वाटलं, आपण हे काय करून बसलो. मापपट्टी करून ठेवली त्याच्या मरणाची.

"हा तब्येतीने बरा दिसतोय," घड्याळजी म्हणाला. "याला म्हणावं, माझ्यामागे दुकान सांभाळ."

मग आरसा उपडा ठेवून त्याने डोळे मिटले आणि हलक्या आवाजात विचारलं, "सारखे?"

"सारखे," डोळस म्हणाला. खरंच सारखे होते.

त्यानंतर घड्याळजी फार थोडे दिवस होता, आणि त्यातलेही बरेचसे त्याला कळले नाहीत. डोळस रोज येऊन बसायचा. भांडायला कुणी नव्हतं. घड्याळांकडे बघत राहायचा आणि तसाच परत जायचा.

एका दुपारी वहिनींनी निरोप पाठवला. डोळस धावत आला. खोलीत आवाज नव्हता. आधीच येऊन राहिलेला धाकटा भाऊ, शेजाऱ्यांच्या सोबतीने येणाऱ्या आईला आणायला स्टेशनवर गेला होता. तीही आजच यायची होती, जिवंत भेट व्हावी म्हणून. भेट थोडक्यात हुकली.

"भाऊजी, जरा बघा ना," वहिनी पदराने तोंड दाबत म्हणाल्या. "मला जमत नाही."

डोळस वाकला. त्याने केलेला डोळा मिटला होता. पापणी कशी अलगद, झोपलेल्या पोरासारखी टेकलेली. उजवा मिटला नव्हता. खरा. वरची पापणी अर्ध्यावर थांबली होती आणि खालून पिवळी फट दिसत होती. डोळसाने दोन बोटांनी पापणी खाली आणली, दाबून धरली, मनातल्या मनात म्हटलं, मीट रे, आता तरी माझं ऐक. बोटं काढली. पापणी हळूच पुन्हा वर गेली. त्याने पुन्हा धरली. किती वेळ धरली कोण जाणे. खोटे डोळे त्याने जन्मभर हाताळले होते, ते सगळे त्याचं ऐकत आले होते. खऱ्याला कसं वळवायचं ते त्याला येत नव्हतं.

बाहेर रिक्षा थांबली. धाकट्याने आईला दंडाला धरून आत आणलं. म्हातारीला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. खोलीतल्या शांततेनेच तिला सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली, चाचपडत तिने कपाळ शोधलं आणि हात खाली आणला. डाव्या पापणीवर बोटं फिरली आणि पुढे गेली. नाक. मग उजवी पापणी. तिथे हात थांबला.

"हा उघडा आहे," ती म्हणाली.

तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

"हा का उघडा आहे रे? कशात जीव अडकला याचा?" तिने पापणी खाली ओढली. ती वर आली. "माझी वाट बघत होतास का? आले मी, हे बघ, आले. उशीर झाला रे, गाडीच आली नाही. आता मीट. मीट ना, राजा." ती पुन्हा पुन्हा पापणी ओढू लागली, पोराच्या अंगावरचं पांघरूण ओढावं तशी. "माझ्यामुळे राहिला हा. माझ्यामुळे तळमळत गेला."

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. वहिनींनी डोळसाकडे पाहिलं. डोळस गप्प बसला असता तर घड्याळजीच्या मनासारखं झालं असतं. म्हातारीला डोळ्याचं शेवटपर्यंत कळलं नसतं. पण ती उरलेले दिवस ही पापणी ओढतच काढणार होती.

"काकू," डोळस म्हणाला. "तो त्याचा नाही. त्याचा एक डोळा फार पूर्वीच गेला होता, तुम्हाला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही. हात लावताय तो मी केलेला आहे. खोटा. त्याचा कधीच मिटला, काकू. शांत गेला तो. माझाच मिटत नाहीये."

वहिनींना कोणता कोणाचा ते माहीत होतं, आणि धाकट्यालाही. दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही.

म्हातारीचा हात त्या पिवळ्या फटीवर तसाच राहिला. मग तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"तू केलास?"

"हो."

"शाळेपासूनचा दोस्त ना तू त्याचा? मग त्याचं एवढं एक काम तुला नीट करता आलं नाही?"

"चुकलं, काकू."

तिने उघड्या डोळ्यावरून हात काढून घेतला, परक्या वस्तूवरून काढावा तसा. चाचपडत तो दुसऱ्या पापणीवर नेला आणि तिथे अंगठा फिरवू लागली.

"हा बघ माझ्या राजाचा," ती म्हणाली. "कसा शहाण्यासारखा मिटलाय."